उलट्या टिपेचा रेडिओ

भाऊंबद्दल लिहायला बसले की पहिली अडचण ही, की ते असते तर प्रत्येक ओळीवर बोट ठेवून म्हणाले असते, "पुरावा?" आता ते नाहीत, म्हणून हात जरा सैल सोडते. तरी सवय अशी लागली आहे की एक वाक्य लिहिलं की मान आपोआप दाराकडे वळते.

मलकापुरात एका जिनिंग फॅक्टरीत वायरमन म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्या घराची पुढची खोली माझ्याकडे भाड्यानं. तिथंच माझं शिवणकाम, तिथंच माझं राहणं. मागच्या दोन खोल्यांत ते एकटे. बायको मी यायच्या आधीच वारलेली, मुलगी एकच, सुनंदा, ती नाशिकला. गल्लीत त्यांची ख्याती अकडू म्हणून. समोरून कुणी "राम राम भाऊ" म्हटलं तर उत्तर मिळायचं, मागून म्हटलं तर नाही. "म्हातारा तोंड पाहून रामराम घेते," असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू.

खोली पाहायला गेले तेव्हा त्यांनी नाव, गाव, नवरा, जात, काहीच विचारलं नाही. म्हणाले, "मशीन पायाचं का मोटरचं?"

"पायाचं हाय. आता मोटर बसवणार हाय."

"मंग दुसरी खोली पाह्य."

मला वाटलं, विजेच्या बिलाची काळजी. तसं नव्हतं. मोटर फिरली की तिची खरखर रेडिओत येते, म्हणून. दाराशी उभ्या उभ्याच अटी ऐकवल्या. मशीन पायानं चालवायचं. चार ते सहा मिक्सर लावायचा नाही. नवा बल्ब आणला तर आधी त्यांना दाखवायचा. मी म्हटलं, "दाखवायचा म्हणजे?" तर आतून एक छोटा ट्रान्झिस्टर आणला आणि एका बल्बजवळ धरला. तो भुंगा अडकल्यासारखा गुणगुणायला लागला. दुसऱ्या बल्बजवळ धरला, तर गप्प. "हा सज्जन हाय," भाऊ म्हणाले. त्या घरात माणसांची पारख फारशी झाली नाही, बल्बांची मात्र चोख व्हायची.

तोच ट्रान्झिस्टर हातात घेऊन ते गल्लीभर फिरायचे. कुणाच्या घरातला मोबाईलचा चार्जर वाईट आहे हे त्यांना रस्त्यावरून समजायचं. कडी वाजवायचे आणि सांगायचे, "तुमच्या घरात एक चार्जर हाय. काढा." घरातली बाई घाबरून काढायचीसुद्धा. एकदा एका घरी मुलगी पाहायचा कार्यक्रम चालू होता. भाऊ सरळ बैठकीत शिरले, पाहुण्यांच्या पायांशी वाकले, त्यांचाच फोन चार्जिंगवरून काढून त्यांच्या हातात दिला आणि बाहेर पडले. लग्न जमलं, तो भाग वेगळा. पण मुलाकडची माणसं पुढे कितीतरी दिवस विचारत होती, "ते आजोबा मुलीचे कोण लागतात?"

हा सगळा खटाटोप एका रेडिओसाठी. शॉर्टवेव्हचा, जुन्या रेडिओतल्या बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा आणि स्वतः बेतलेला. शॉर्टवेव्हवर बाहेरदेशची स्टेशनं लागतात, ती भाऊंना आपल्या हातच्या सेटवर ऐकायची होती. मी एकदा विचारलं, "भाऊ, मोबाईलवर सगळं जग आयकू येते. तुमी काऊन एवढा ताप करून राह्यले?"

"बजारात तयार बिलाउज मिळते का नाई?"

"मिळते."

"मंग तू काऊन शिवते?"

"तयार बरोबर बसत नाई अंगाले."

"झालं तं," म्हणाले आणि आत गेले.

जुन्या पुस्तकांत रेडिओचे नकाशे असायचे. ते उतरवून घेतले असते तर सहा महिन्यांत सेट उभा राहिला असता. पण दुसऱ्याचा नकाशा म्हणजे दुसऱ्याच्या मापाचं कापलेलं कापड, असं त्यांचं मत. शिवाय त्यांच्याकडे व्हॉल्व्ह तीनच होते. भंगारातल्या रेडिओंतून काढलेले, अंगठ्याएवढे, कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलेले. असेल त्यात बसवायचं. हे मात्र मला लगेच समजलं. गिऱ्हाईक तोकडं कापड आणतं आणि बाही कोपरापर्यंत मागतं, तेव्हा आम्ही दुसरं काय करतो? कापड आडवं धरायचं, उभं धरायचं, जोड कुठं लपेल ते पाहायचं. भाऊ तसेच लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलनं रेघा ओढत बसायचे. पत्रिकेचा कागद जाड, कितीदा खोडलं तरी फाटत नाही. लग्नाला ते कुणाच्याच जात नसत, पण पत्रिका दोन मागून घ्यायचे.

एक दिवस मी म्हटलं, "तीन व्हॉल्व्हमध्ये कसं भागन वो भाऊ?"

ते माझ्या मशीनपाशी आले. "टीप उसवू नये म्हणून शेवटी तू काय करते?"

"थोडीशी उलटी टीप मारते."

"तेच. आवाज व्हॉल्व्हमधून पुढं गेला का त्यातला थोडासा मागं आणायचा अन् पुन्हा त्याच व्हॉल्व्हमधून काढायचा. बारीक आवाज मोठा होते. एकच व्हॉल्व्ह चौघायचं काम करते."

"अन् जास्त मागं आणला तं?"

त्या दिवशी भाऊंनी माझ्याकडे पहिल्यांदा माणूस म्हणून पाहिलं. "तं गुंता होते. सेट शिट्टी मारते."

तेव्हापासून माझ्या धाग्याची रिकामी रिळं त्यांची झाली. त्यांवर ते तांब्याच्या बारीक तारेच्या कॉइल गुंडाळायचे. वेढे मोजताना कुणी बोलायचं नाही, मशीनसुद्धा बंद. एकदा एक बाई साडीचा फॉल वाकडा लागला म्हणून माझ्याशी भांडायला आल्या. त्यांनी दारातूनच सुरुवात केली आणि आतून भाऊ तार धरून बाहेर आले. "बाई, तुमच्या फॉलपायी माझे सोळा गेले." त्या बिचारीला सोळा काय गेले ते समजेना. तिला वाटलं घरात काही अशुभ घडलं आहे. फॉल न उसवताच परत गेली.

सेटचा सांगाडा रहीमभाई करायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पत्र्याचं दुकान, भाऊंचे लहानपणापासूनचे दोस्त. नवा नकाशा झाला की व्हॉल्व्हच्या जागा बदलायच्या, म्हणजे पत्र्याला नवी भोकं. सहाव्या वेळी रहीमभाई पत्रा उजेडाकडे धरून म्हणाले, "अरे भाई, अब ये चलनी हो गई. रेडिओ न बजे तो इसमें आटा छान लेना."

"तू छेद कर बे. अक्कल नको लावू."

"अक्कल लगाता तो तुझसे दोस्ती करता क्या?"

पहिला सेट नुसता किंचाळला. दुसरा माशीसारखा घोंघावला. हे दोष खरेच होते, हेडफोनबाहेर आम्हालाही ऐकू आले. पण तिसऱ्यापासून भाऊंची तक्रार एकच. स्टेशन येतं, पण बोलणं उमटत नाही. नुसती ढपढप. तीन व्हॉल्व्हमध्ये स्पीकर वाजवायची ताकद नव्हती, म्हणून हेडफोन लावूनच ऐकायचं आणि हेडफोन एकच, तो कायम त्यांच्या डोक्यावर. मग ते सगळं सोडवून नवा नकाशा काढायचे.

त्याच सुमारास त्यांचं कुकरशीही वाजलं होतं. तीनदा डाळ करपली. भाऊंचं म्हणणं, कुकरची शिट्टी होतच नाही. शिट्टी साफ केली, बदलली, रहीमभाईंकडून तिचं भोक मोठं करून घेतलं. मी पुढच्या खोलीतून ओरडायची, "भाऊ, चार झाल्या!" मग गॅस बंद व्हायचा. कुकर बनवणाऱ्यांवर त्यांचा फार राग होता.

सुनंदा दर वर्षी यायची आणि बाबांना नाशिकला न्यायचा विषय काढायची. तिचंही चूक नव्हतं. एकट्या म्हाताऱ्या माणसानं उघड्या तारांत हात घालून बसायचं, हे कोणत्या मुलीला पटेल? त्या वर्षी ती हट्टालाच पेटली. भाऊ म्हणाले, "करार करू. पोळ्यापर्यंत माह्या सेटवर बाहेरदेशचं स्टेशन स्वच्छ आयकू आलं तं मी इथंच राहीन. नाई आलं तं पोळ्याच्या दुसऱ्या दिशी तुह्यासंगं गाडीत बसतो. मंग पुन्हा नाव काढणार नाई."

तिनं लगेच हातावर हात मारला. सहा सेट बिघडलेले तिला माहीत होते. भाऊ शब्दाचे असे पक्के, की त्या दिवसापासून मी पोळ्याचे दिवस मोजायला लागले. नाशिकला फ्लॅटमध्ये एरियलची तार बांधायला दोन झाडं कुठली? आणि चार ते सहा मिक्सर बंद ठेवणारे शेजारी तरी कुठून आणायचे?

सातवा सेट उभा राहिला तेव्हा पोळ्याला आठ दिवस होते. दुपारचे पाच वाजत आले होते. भाऊंचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. "कट्ट झालं का सांगजो."

कट्ट झालं नाही. एक बाई बोलायला लागली. कुठली कोण जाणे, पण शब्द न् शब्द सुटा, तांदूळ निवडून ठेवल्यासारखा.

"भाऊ! बाई बोलून राह्यली!"

त्यांनी झटकन हेडफोन ओढून आपल्या कानांना लावला. डोळे मिटून बसले. मग काढला. "ढपढप हाय नुसती. मन नको राखू माह्यं. मले मन राखणारे लोक आवडत नाईत."

मी शपथ घेणार तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कान फाटतील अशी. भाऊ स्वयंपाकघराच्या दारापासून दोन हातांवर बसलेले. मान हलली नाही, पापणी हलली नाही. दुसरी झाली. तिसरी झाली. मी उठून गॅस बंद केला आणि ओट्याला धरून तिथंच उभी राहिले.

सगळं एकदम उलगडलं. मागून केलेले रामराम. डाळ. सेट तीन, चार, पाच, सहा. तीस वर्षं जिनिंगच्या खडखडाटात काढलेली, त्यात बारीक आवाज गेले, जाडे तेवढे राहिले. आणि आम्हा लोकांना ते समजायचं तरी कसं? मशीनवर बसून माझा आवाज असा, की शेजारच्या गल्लीत माझी गुपितं माहीत. रहीमभाई दिवसभर हातोडी मारणारे, त्यांचं हळू बोलणं म्हणजे दुसऱ्याचं भांडण. भाऊंशी बोलणारे आम्ही दोघंच, दोघंही मोठ्या घशाचे.

आता सांगायचं की नाही? गप्प राहिले तर सेट नापास, भाऊ नाशिकला. सांगितलं तर सेट पास, पण बहिरा म्हातारा एकटा राहतो हे सुनंदाला कळणार आणि ती उचलून नेणार. दोन दिवस मी हाच कपडा उलटसुलट करून पाहत होते, कुठूनच बेतेना. तिसऱ्या दिवशी भाऊंनी भंगारवाल्याला निरोप धाडला आणि सातव्या सेटच्या तारा सोडायला बसले. मग मात्र मला राहवेना.

"भाऊ, हात काढा. सेट चांगला हाय. तुमचे कान गेले."

त्यांनी पकड खाली ठेवली. "पुरावा?"

पुराव्याची रीत त्यांनीच ठरवली. बाहेरदेशचं एक स्टेशन रोज संध्याकाळी हिंदीतून लागायचं आणि तेच मोबाईलवरही यायचं. मी मागच्या खोलीत सेटवर ऐकून लिहायचं. रहीमभाईंनी अंगणात मोबाईलवर ऐकून लिहायचं. मधल्या दारात खुर्ची टाकून भाऊ स्वतः पहाऱ्याला, घड्याळ घेऊन. मी सातवी शिकलेली. इतक्या वर्षांनी परीक्षेला बसले. कुठल्या तरी थंड मुलखातल्या सफरचंदांच्या बागांची गोष्ट चालली होती. बाया शिड्या लावून फळं तोडतात, उतरताना गाणी म्हणतात. मध्येच आवाज बुडायचा, तिथं मी जागा सोडली. रहीमभाई अंगणातून ओरडत होते, "अरे जरा धीरे बोल बहन, मैं लिख रहा हूँ!"

पेपर गोळा झाले, तर रहीमभाईंनी उर्दूत लिहिलेलं. भाऊंना उर्दू वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, आता झालं. पण भाऊ उलट खूश झाले. "बरं झालं. नक्कल नाई करता येत." माझा कागद त्यांनी मांडीवर घेतला आणि रहीमभाईंना आपला कागद मोठ्यानं वाचायला लावला. ते एकेक ओळ वाचायचे आणि भाऊ माझ्या ओळीखाली लाल पेन्सिलनं खूण करत जायचे. बाग. शिडी. टोपली. सोडलेल्या जागा सोडल्या तर सगळं जुळलं. शेवटच्या ओळीला पेन्सिल थांबली.

भाऊ उठले, हेडफोन लावून सेटपुढे बसले. मग न वळताच म्हणाले, "आता गाणं लागलं काय?"

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि हेडफोनला कान भिडवला. "हाव भाऊ. गाणं हाय."

"ढोलकीवानी काई वाजते. ते येते मले. बाई गाते काय?"

"गाते."

"ते नाई येत," म्हणाले आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला. नीट, वायरची घडी घालून.

पोळ्याला सुनंदा बॅग घेऊनच आली. मी भाऊंना आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं होतं, कानाचं काही बोलू नका. त्यांनी तिला चप्पलसुद्धा काढू दिली नाही. दारातच म्हणाले, "सेट पास झाला. कान नापास झाले."

ती आधी हसली. मग हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा तिचा चेहरा बदलला. मग उठून त्यांच्या पाठीमागे गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, चहा टाकू?" भाऊ समोर बघत राहिले. "बाबा, मी आले आहे ना." काहीच नाही. तिचे डोळे भरले आणि सगळा राग माझ्यावर निघाला. "मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"आठ दिवस झाले," मी म्हटलं. "त्याच्या आधी मीबी तुमच्यासारखीच."

"मग आता कसं ठेवू मी यांना इथं?"

भाऊंना आमची तोंडं हलताना दिसत होती. त्यांना शब्दांची गरज पडली नाही. म्हणाले, "सुनंदे, करार सेटचा होता. कानाचा नव्हता. कानाचा करार कराचा असन तं नवा कर."

तिनं तिथंच बसून नवा केला. कानाचं यंत्र लावायचं. तारांत हात घालताना घरात दुसरं माणूस पाहिजे, म्हणजे मी. रोज सकाळी मोबाईलवर तिला बाबांचा फोटो पाठवायचा, तोही मीच. आणि कुकर माझ्या खोलीत येणार. भाऊंनी सगळं मान्य केलं, फक्त फोनचा चार्जर कोणता आणणार ते विचारून घेतलं.

कानाचं यंत्र त्यांनी पहिल्याच दिवशी उघडून पाहिलं. "चांगलं बेतलं हाय," असा शेराही दिला. पण ते लावून हेडफोन लावला की यंत्रच शिट्टी मारायचं. उलटी टीप जास्त झाली, ते म्हणाले. माणसांसाठी यंत्र ठेवलं, रेडिओसाठी दुसरी वाट काढली. रहीमभाईंनी कुठल्याशा भंगारातून एक व्हॉल्व्ह आणला, त्याच्या काचेत दोन हिरव्या पट्ट्या उजळायच्या. आवाज आला की पट्ट्या एकमेकींकडे सरकतात, चांगला आला की मिटतात. तो बसवायला भाऊंनी आठवा नकाशा काढला. भोक एकच पाडावं लागलं.

त्यानंतर चार पोळे, शेवटपर्यंत, भाऊ मलकापुरातच राहिले. संध्याकाळी ते हिरव्या पट्टीवर डोळे लावून बटण फिरवायचे, केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे. मी शेजारी हेडफोन लावून. पट्ट्या मिटल्या की विचारायचे, "कोण हाय?" हिंदी असलं तर मी सांगायची. पण बहुतेक वेळा भाषा भलतीच असायची.

"मले काय समजते भाऊ, काय म्हणते ते."

"काय म्हणते ते नाई विचारलं. कोण हाय ते सांग."

मग मी सांगायची. "माणूस हाय. जाडा असन. सर्दी झाली हाय त्याले." नाहीतर, "पोरगी हाय, नवीन लागली वाटते नोकरीले, घाई करून राह्यली." भाऊ मान हलवायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. त्या वेळेत माझे किती ब्लाऊज राहिले आणि किती बायकांच्या शिव्या खाल्ल्या, ते जाऊ दे.

एकदा त्यांनी त्या हिंदी स्टेशनला पत्र लिहिलं. सेट कसा बेतला, कॉइलचे वेढे किती, एरियल किती लांब, सगळं. सेट कोणी बनवला तिथं आपलं नाव, कोणी ऐकलं तिथं माझं. मग मला वाचायला दिलं. खाली लिहिलेलं होतं: साडेपाच वाजता हिरव्या पट्ट्या पूर्ण मिटल्या, हे मी स्वतः पाहिलं. त्या वेळी बोलणाऱ्या बाई हसल्या, असं माझ्या भाडेकरूचं म्हणणं आहे. मला हसणं ऐकू आलेलं नाही.

"भाऊ, हे शेवटचं काढा ना. बाहेरदेशचे लोक काय म्हणतीन?"

"खोटं हाय काय त्यात?"

"नाई."

"मंग तिकीट लाव."